कीर्द-खतावणीपासून सनदेपर्यंत : हिशेबनीस घडविण्याच्या वाटांचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकार कळविला होता. लेखन हा माझा प्रांत नव्हे. चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसलेला मी एक सामान्य व्यापारी. परंतु ट्रस्टच्या शिक्षण साहाय्य समितीवर काम करताना दरवर्षी बारावीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास माझ्यासमोर येतो. कोणी आई मुलीला घेऊन दुकानात येते, कोणी वडील मंदिराच्या पायरीवर थांबवून विचारतात, "काका, याला सी. ए. करायचे म्हणतो. आत्ताच सुरुवात करू द्यावी की आधी बी. कॉम. होऊ द्यावे? पुण्याला ठेवू की इथेच कोणाच्या हाताखाली घालू?" मी आपला सुचेल तसे उत्तर देत आलो. मात्र ही जी वाट आपण मुलांना दाखवितो ती मुळात कोणी आखली, केव्हा आखली आणि ती इतक्या वेळा का वळली, हे जाणून घेण्याची इच्छा पुष्कळ दिवस मनात होती. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे स्वतः भोगले, ते या लेखात मांडत आहे.

पेढीवरची शाळा

सनदी हिशेबनीस ही कल्पना आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पेढ्यांवर हिशेबनीस घडत होते. त्यांना दिवाणजी म्हणत, मुनीम म्हणत, गुमास्ता म्हणत. त्यांच्या शिक्षणाला ना प्रवेश परीक्षा होती ना प्रमाणपत्र. बारा-तेरा वर्षांचा मुलगा ओळखीच्या पेढीवर आणून बसविला जाई. पहिली काही वर्षे दौत भरणे, पत्रे टाकून येणे, उधारीच्या तगाद्याला कोणाबरोबर तरी जाणे, एवढेच त्याचे काम. अक्षर वळणदार झाले आणि नजर सरावली की मग कच्च्या खर्ड्यावर नोंदी उतरविण्यास मिळत. त्यानंतर रोजकीर्द, नंतर खतावणी आणि सर्वांत शेवटी तेरीज. जमा आणि नावे यांचा अर्थ त्याला कोणी व्याख्या सांगून शिकवीत नसे. चुकीच्या बाजूला रक्कम पडली की दिवाणजी काही न बोलता पान परत त्याच्याकडे सरकवीत, हीच शिकवण.

आमच्या दुकानातले जुने दिवाणजी मला लहानपणी सांगत की, त्यांच्या उमेदवारीच्या काळी दिवाळीपूर्वी तेरीज जुळेपर्यंत गादी सोडायची नाही, असा दंडक होता. सव्वा रुपयाच्या फरकासाठी त्यांनी दोन रात्री काढल्या होत्या. फरक मालकाने खिशातून भरून टाकण्याजोगा होता. परंतु सव्वा रुपयाच्या मागे सव्वाशेची चूक दडलेली असू शकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मोडीत लिहिलेल्या त्यांच्या वह्या आजही आमच्या माळ्यावर आहेत. मला त्यातील आकडे वाचता येतात, मजकूर मात्र नीटसा लागत नाही.

या शाळेची एक मर्यादा होती. इथे घडणारा हिशेबनीस मालकाचा माणूस असे. त्याची निष्ठा पेढीशी, त्याची विद्याही त्या पेढीपुरती. पेढी घरची असेपर्यंत यात काही वावगे नव्हते. पण १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी उभी केली आणि त्यानंतर गिरण्यांचे भाग दूरदूरच्या लोकांनी घेतले. ज्याने भाग घेतला त्याने गिरणी कधी पाहिलेली नसे आणि वह्या तर त्याच्या दृष्टीसही पडत नसत. १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला तेव्हा दुसऱ्याच्या लिहिण्यावर विसंबून पैसा गुंतविण्याचे फळ पुष्कळांनी भोगले. मालकाच्या बाहेरचा, वह्या तपासून आपल्या सहीने ग्वाही देणारा माणूस हवा, ही गरज अशी निर्माण झाली. आपला दिवाणजी कितीही प्रामाणिक असला तरी ही ग्वाही तो देऊ शकत नव्हता.

१९१३ चा कायदा आणि दोन प्रकारचे दाखले

१९१३ सालच्या भारतीय कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी सक्तीची केली आणि ही तपासणी कोणी करावी याविषयीही नियम घातले. तपासनिसाला प्रांतिक सरकारचा दाखला आवश्यक झाला. हे दाखले दोन प्रकारचे होते. एक अनिर्बंध, ज्याच्या बळावर सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात कोठेही तपासणी करता येई. दुसरा निर्बंधित, ज्याच्या धारकाला फक्त त्या प्रांतात आणि दाखल्यात नमूद केलेल्या भाषांतील हिशेब तपासण्याची मुभा असे.

हा दुसरा दाखला मला इतिहासातील फार महत्त्वाची गोष्ट वाटते. वाचकांनी क्षणभर विचार करावा. मराठीत किंवा गुजरातीत वह्या लिहिणारा, इंग्रजी जेमतेम येणारा, परंतु हिशेबात मुरलेला माणूस या दाखल्याच्या दाराने तपासनीस होण्याची शक्यता कायद्याने मान्य केली होती. पेढीवरच्या शाळेतून नव्या व्यवसायात जाणारी ती एक अरुंद का होईना, पण वाट होती. १९२० मध्ये निर्बंधित दाखले देणे बंद करण्यात आले. व्यवसायाचा दर्जा एकसारखा राहावा हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तरीही त्या वर्षी आपल्या भाषांतील हिशेबनिसासाठी एक दार मिटले, हे नाकारता येत नाही. यापुढे तपासनीस होणे म्हणजे प्रथम इंग्रजी शिकणे, हे ठरून गेले.

दरम्यान दुसरे दार उघडले होते. १९१३ मध्येच मुंबईत सिडनहॅम कॉलेजची स्थापना झाली आणि वाणिज्य हा विषय महाविद्यालयात शिकविला जाऊ लागला. १९१८ साली मुंबई सरकारने 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी' सुरू केला. जुन्या पाट्यांवर नावापुढे 'जी. डी. ए.' अशी अक्षरे काही वाचकांनी पाहिली असतील, ती हीच. ही पदविका परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली की अनिर्बंध दाखला मिळण्यास माणूस पात्र ठरे. पुस्तक आणि गादी या दोहोंची जोडणी आपल्याकडे नियमाने झाली ती इथे. त्यानंतर शंभर वर्षांत अभ्यासक्रमाची नावे कितीही बदलली, तरी या व्यवसायाच्या शिक्षणाचा सांगाडा तोच राहिला आहे.

ही उमेदवारी आली विलायतेतून. एडिंबरोच्या हिशेबनिसांना १८५४ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये राजसनद मिळाली होती. 'चार्टर्ड' हा शब्द त्या सनदेवरून आला. तेथे उमेदवार कार्यालयाशी करारनाम्याने बांधला जाई, साधारणपणे पाच वर्षे आणि पदवीधर असल्यास तीन. या करारासाठी उमेदवाराचे वडील हिशेबनिसाला मोठी रक्कम मोजत, तिला प्रीमियम म्हणत. म्हणजे मुलगा कामही करणार आणि त्यासाठी पैसेही वडीलच देणार! हा रिवाज आपल्याकडेही आला. आपल्या पेढीवर उमेदवाराला निदान दोन वेळचे जेवण आणि दिवाळीला धोतरजोडी मिळे. नव्या व्यवसायात मात्र आरंभीच थैली सोडावी लागे. साहजिकच पहिल्या पिढीतील सनदी हिशेबनीस बहुतांशी संपन्न घरांतून आले.

बाहेरगावच्या मुलापुढे मुंबईत राहायचे कोठे, हाही प्रश्न असे. या ठिकाणी आपल्या समाजातील दानशूर मंडळींचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली वसतिगृहे आणि १९१५ पासून मुंबईत चाललेले श्री महावीर जैन विद्यालय यांनी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर छप्पर दिले. वसतिगृहाची खोली ही एखाद्या मुलाच्या शिक्षणात पुस्तकांइतकीच मोलाची असते, हे समितीवर काम करताना मला वारंवार दिसले आहे.

नोंदवहीपासून स्वायत्त संस्थेपर्यंत

१९३० मध्ये हिंदुस्थान सरकारने हिशेबनिसांची एक नोंदवही ठेवण्याचे ठरविले. तीत ज्याचे नाव चढले तो 'रजिस्टर्ड अकौंटंट' म्हणजे 'आर. ए.' म्हणून ओळखला जाऊ लागला. याच काळातली एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. मद्रासच्या आर. शिवभोगम या १९३३ साली अकौंटन्सीची पदविका परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अशा रीतीने पात्र ठरलेल्या त्या भारतातील पहिल्या महिला होत. परंतु स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी वर्षभर कारावास भोगला होता आणि तुरुंगात गेलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियम आडवा आला. त्या न्यायालयात गेल्या, झगडल्या आणि १९३७ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. आज सी. ए. च्या वर्गात मुलींची संख्या पाहून आपल्याला आश्चर्य वाटेनासे झाले आहे. त्यातील किती जणींना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिने हा व्यवसाय सरकारी खात्याच्या हाती न ठेवता व्यावसायिकांच्या स्वायत्त संस्थेकडे द्यावा, अशी शिफारस केली. त्यानुसार चार्टर्ड अकौंटंट्स कायदा मंजूर होऊन १ जुलै १९४९ रोजी अमलात आला. राज्यघटना लागू होण्यापूर्वीची ही घटना आहे, हे विशेष. कोणत्याही राजाची सनद पाठीशी नसताना 'चार्टर्ड' हे नाव मात्र आपण ठेवून घेतले. जी. पी. कापडिया हे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. प्रारंभी सभासद होते सुमारे १,७००, आज ते चार लाखांच्या पुढे गेले आहेत.

नव्या व्यवस्थेत करारबद्ध उमेदवारी, म्हणजे ज्याला आपण सारे 'आर्टिकलशिप' म्हणतो, ती केंद्रस्थानी राहिली. करार न करता पगारी नोकर म्हणून अधिक वर्षे काम करून पात्र होणाऱ्या 'ऑडिट क्लार्क'चीही वाट होती. घरची जबाबदारी असलेल्यांनी ती धरली. पुढे प्रीमियम घेण्यास नियमाने बंदी आली आणि उलट उमेदवाराला दरमहा विद्यावेतन देणे बंधनकारक झाले. ती रक्कम दीर्घकाळ नाममात्रच होती, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

१९८१ : एक पाटी पाहून केलेली निवड

इथे थोडे स्वतःविषयी लिहितो. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

१९८१ साली मी शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम. परीक्षा बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालो. त्या काळी चांगले गुण असलेल्या वाणिज्य पदवीधराला प्रवेश परीक्षा न देता थेट तीन वर्षांच्या आर्टिकलशिपला बसता येई आणि काम करता करताच इंटरमिजिएटची परीक्षा देता येई. वडिलांना मी दुकानात हवा होतो. आईने शब्द टाकला म्हणून तीन वर्षांची सवलत मिळाली. माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक सांगलीत एका सी. ए. चे दोन खोल्यांचे कार्यालय, जेथे एकूण तीन उमेदवार होते. दुसरे पुण्यातील एक मोठे, नावाजलेले कार्यालय. दारावर भागीदारांच्या नावांची लांबलचक पितळी पाटी होती. मी ती पाटी पाहिली आणि माझा निर्णय झाला. माझा वर्गमित्र सांगलीला गेला.

त्या पुण्याच्या कार्यालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे मी एक वर्ष दहा महिने होतो. या काळात मी काय शिकलो? व्हाऊचरवरची रक्कम कीर्दीशी ताडून पाहायची आणि हिरव्या शाईने बरोबरची खूण करायची. एका संस्थेचे काम संपले की दुसऱ्या संस्थेत जाऊन त्याच खुणा. बेरजा तपासायच्या, त्या तर मी दुकानात चौथीपासून करीत होतो. ताळेबंद तयार होताना मी एकदाही पाहिला नाही. ते काम वरच्या मजल्यावर होई आणि आम्ही खालच्या मजल्यावर असू. आयकर अधिकाऱ्यापुढे कोणाबरोबर जाण्याचा प्रश्नच नव्हता. परीक्षेपूर्वी सुटी मागितली तर कामाची निकड सांगण्यात आली. विद्यावेतनात खोलीचे भाडेही निघत नसे. संस्थेकडून टपालाने येणारे अभ्यासाचे पुडके रात्री अकरानंतर उघडावे, तर डोळे मिटू लागत. इंटरचा एक गट सुटला. दुसऱ्या गटात प्रत्येक विषयात किमान ४० होते, पण सरासरी ५० भरली नाही. हा नियम आजही तसाच आहे आणि त्याने किती घरांत शांतता पसरविली असेल याची गणती नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मी गावी परतलो, गादीवर बसलो आणि बसलो तो बसलोच. सांगलीचा माझा मित्र पुढे सी. ए. झाला. त्याच्या दोन खोल्यांत वरचा मजला नव्हताच. व्हाऊचर तपासणारा, खतावणी करणारा आणि ताळेबंद मांडणारा एकाच टेबलाशी बसे. पहिल्याच वर्षी त्याने एका तेलाच्या गिरणीचा ताळेबंद स्वतः मांडला, तो चुकला, पुन्हा मांडला. त्याची बुद्धी माझ्याहून अधिक होती, असेही असू शकेल. तो मात्र तसे मानत नाही.

मोठ्या कार्यालयांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. तेथे उत्तम रीतीने घडलेली माणसे मी पाहिली आहेत. मला एवढेच सांगायचे आहे की, मी माझे गुरुस्थान निवडताना कोणालाही एक साधा प्रश्न विचारला नाही : येथे उमेदवाराला पहिल्या वर्षी काय काम देतात?

कापड दुकान आणि हिशेबतपासणी

माझी आर्टिकलशिप सुटली आणि वर्षभरातच या व्यवसायाचे दिवस पालटले. १९८४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४४ एबी हे कलम आणले. त्यानुसार वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांहून अधिक असलेल्या व्यापाऱ्याला सी. ए. कडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे झाले. (ही मर्यादा पुढे ६० लाख आणि नंतर एक कोटी झाली.) तोवर सी. ए. म्हणजे कंपन्या आणि बँका यांच्याशी संबंधित माणूस, असा समज होता. आता तो सराफकट्ट्यावर, भुसार पेठेत, कापड बाजारात येऊ लागला. तालुक्याच्या गावी सी. ए. ची कार्यालये दिसू लागली ती यानंतर. आपल्या भागातील मुलांना घरी राहून आर्टिकलशिप करता येणे शक्य झाले, त्याचे मोठे श्रेय या एका कलमाला द्यावे लागेल.

आम्हां कापडवाल्यांची स्थिती तर आणखी निराळी होती. १९५७ पासून कापड, साखर आणि तंबाखू यांच्यावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क घेण्याची व्यवस्था होती. ते गिरणीच्या दारातच वसूल होई, त्यामुळे दुकानदाराला कापडावर विक्रीकर ठाऊकच नव्हता. किराणा दुकानदार विक्रीकराच्या पत्रकांनी बेजार होत तेव्हा आम्ही निवांत असू. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि साठ वर्षांची ती निवांतता एका रात्रीत संपली. सुरतेच्या कापड बाजाराने तर त्या वेळी दीर्घ बंद पाळला. योगायोग असा की १ जुलै हाच सी. ए. मंडळींचा स्थापनादिन. त्या वर्षी माझ्या सांगलीच्या मित्राने मला दूरध्वनी करून म्हटले, "तुला सोडवायला मी एकोणपन्नास सालापासून उभा आहे!"

आधी परीक्षा की आधी गादी?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अभ्यासक्रम इतक्या वेळा बदलला की, दोन भावांतील थोरल्याचा अनुभव धाकट्याच्या उपयोगी पडेनासा झाला. परंतु नावे बाजूला ठेवून पाहिले तर सारे बदल एकाच प्रश्नाभोवती फिरलेले दिसतात. मुलाला आधी कार्यालयात बसवावे आणि कामातून शिकू द्यावे, की आधी परीक्षेची चाळणी लावून मगच आत घ्यावे?

माझ्या वेळी पदवीधर आधी गादीवर बसे. शतकाच्या आरंभी पी. ई. ची पद्धत आली तेव्हा दुसरी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज आर्टिकलशिप सुरू होत नसे. २००६ मध्ये सी. पी. टी. आली आणि लंबक उलट गेला. बारावीनंतरची ती एक परीक्षा दिली की साडेतीन वर्षांची आर्टिकलशिप लगेच सुरू होई. सतरा-अठरा वर्षांची मुले बँकांच्या तपासणीला जाऊ लागली. त्यातील काहींना रोजमेळ आणि खातेवही यांतील फरक समजत नसे, असे जुने व्यावसायिक हळहळून सांगत. म्हणून दोन-तीन वर्षांतच पुन्हा बदल झाला. पुढच्या परीक्षेचा पहिला गट सुटल्यावर आर्टिकलशिप आणि तीही तीन वर्षांची. २०१७ मध्ये फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल ही नावे परत आली. पदवीनंतर थेट येणाऱ्यांना मात्र २०१२ पासून एक सोय होती : वाणिज्य शाखेत ५५ टक्के, अन्य शाखांत ६० टक्के गुण असले की फाउंडेशन टाळता येई आणि इंटर उत्तीर्ण होण्यापूर्वीच आर्टिकलशिपला बसता येई.

२०२३ च्या नव्या योजनेने ही सोय जवळपास निम्मी झाली, हे अनेक पालकांच्या ध्यानात आलेले नाही. फाउंडेशनमधून सूट पदवीधराला आजही आहे. परंतु आता बारावीनंतर आलेला असो वा पदवीनंतर, इंटरचे दोन्ही गट सुटल्याखेरीज आर्टिकलशिप सुरू होत नाही. आणि ती आता दोनच वर्षांची आहे. त्यामुळे "पदवी घेऊन थेट गेले की वेळ वाचतो" हा आमच्या पिढीचा सल्ला आता तसाच्या तसा देता येणार नाही. बारावीनंतर फाउंडेशन देणाऱ्या मुलाच्या हाती पदवी होईपर्यंत इंटरही असू शकते. पदवीनंतर येणाऱ्याची इंटरची तयारी तेव्हा सुरू होते. उलट, बारावीला आपल्याला हे जमेल की नाही याचीच खात्री नसलेल्या मुलाने आधी पदवी पदरात पाडून घेणे, यातही शहाणपण आहे. फायनलला पोचण्याआधी थांबणारे पुष्कळ असतात आणि हाती पदवी असलेला थांबला तर रिकामा थांबत नाही. मीच त्याचे उदाहरण आहे.

दोन वर्षांची उमेदवारी पुरेशी आहे काय? याविषयी व्यावसायिकांत मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत असे की, तीन वर्षे खुणा करण्यात घालविण्यापेक्षा दोन वर्षे खरे काम मिळणे बरे. मात्र कालावधी घटल्यामुळे चुकीच्या कार्यालयात गेलेले वर्ष आता पूर्वीपेक्षा महाग पडते. तीनातले एक वाया गेले तर दोन उरत, दोनातले एक गेले तर निम्मेच संपले. शिवाय व्हाऊचर ताडून पाहण्याचे पुष्कळसे काम आज संगणक करतो. माझ्या हिरव्या शाईच्या खुणांना आता कोणी विचारणारही नाही.

आणखी दोन-तीन वाटा

सी. ए. हीच एक वाट आहे असे नाही. कारखान्यातील उत्पादनखर्चाचा हिशेब करणाऱ्यांची संस्था १९४४ साली स्थापन झाली आणि १९५९ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जुनी मंडळी तिला 'आय. सी. डब्ल्यू. ए.' म्हणून ओळखतात, आजची मुले 'सी. एम. ए.' म्हणतात. अलीकडे १९०४ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या संस्थेची 'ए. सी. सी. ए.' ही पदवी शहरांतील मुलांना आकर्षित करीत आहे. परदेशी कंपन्यांत नोकरीसाठी ती उपयोगी आहे. पण केवळ तिच्या बळावर भारतात हिशेबतपासणीच्या अहवालावर सही करता येत नाही, ही गोष्ट शुल्क भरण्यापूर्वीच समजून घ्यावी.

मला अधिक लिहावेसे वाटते ते आपल्या महाराष्ट्राच्या जी. डी. सी. अँड ए. या सहकार खात्याच्या पदविकेविषयी. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ही परीक्षा देता येते आणि ती मराठीतून लिहिता येते. ही पदविका आणि सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या नामतालिकेवर येण्याची वाट खुली होते. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांचे जाळे आपल्या जिल्ह्यांत किती दाट आहे, हे सांगावयास नको. विशेष म्हणजे सहकार कायद्यात या लेखापरीक्षकाला मराठीचे कामचलाऊ ज्ञान असणे आवश्यक मानले आहे. १९२० साली मिटलेल्या त्या दाराची मला येथे आठवण होते. भाषा जाणणाऱ्या स्थानिक हिशेबनिसाला कायद्याने पुन्हा जागा दिली ती सहकाराच्या अंगणात. आपल्याकडे या पदविकेला उगीचच दुय्यम लेखले जाते. नोकरी किंवा दुकान सांभाळून ती मिळविलेले आणि सन्मानाने व्यवसाय करणारे लोक आपल्याच समाजात आहेत.

यंदा समितीकडे या शाखेसाठी तीन अर्ज आले आहेत. एक मुलगा बारावीनंतर फाउंडेशनला बसला आहे. दुसरे गृहस्थ पस्तिशीचे आहेत, पतसंस्थेत नोकरी करतात आणि त्यांना जी. डी. सी. अँड ए. च्या शिकवणीसाठी साहाय्य हवे आहे. तिसरी मुलगी इंटरचे दोन्ही गट पहिल्याच प्रयत्नात सुटलेली. तिचे वडील हातगाडीवर तयार कपडे विकतात. पुण्यातील एका मोठ्या कार्यालयाने तिला बोलाविले आहे आणि सांगलीतील दोन लहान कार्यालयेही घेण्यास तयार आहेत. पुण्याला राहण्याचा खर्च समितीने उचलावा, असा तिचा अर्ज आहे.

मी तिला तिन्ही ठिकाणी आज काम करीत असलेल्या प्रत्येकी एका उमेदवाराचा दूरध्वनी क्रमांक मिळवून दिला आणि पहिल्या वर्षी काय काम करता, एवढेच विचारून ये, असे सांगितले. दोघांशी तिचे बोलणे झाले आहे. तिसऱ्याशी व्हायचे आहे. समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे.